आवाज दुसऱ्याचा, मत आपले

ऑर्केस्ट्रांच्या भरभराटीच्या काळात मिमिक्री करणाऱ्या कलावंताचे कार्यक्रमातले स्थान ठरलेले असे. गायक बदलायचा आहे, वादकांना पुढच्या गाण्याची तयारी करायची आहे, तेवढ्या वेळात प्रेक्षकांची चुळबुळ होऊ नये म्हणून त्याला माइकपाशी उभे करायचे. त्याने दहा मिनिटांत अशोककुमार, देव आनंद, राजकुमार, शत्रुघ्न सिन्हा उरकायचे, जमल्यास स्टेशनातून सुटणारी गाडी तोंडाने काढून टाळी घ्यायची आणि विंगेत जायचे. गणेशोत्सवाच्या मांडवांत, कामगारांच्या मेळाव्यांत, शाळा-कॉलेजांच्या संमेलनांत हे वर्षानुवर्षे चालले. लोकांनी या मंडळींवर मनापासून प्रेम केले, पण त्यांना कलावंत म्हणताना हात आखडता घेतला. गाणाऱ्याची गायकी असते, नटाचा अभिनय असतो. नकला करणाऱ्याला मात्र ‘देवाने गळा दिलाय’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. या समजुतीच्या मुळाशी एक गफलत आहे. नक्कल म्हणजे साम्याची परीक्षा, जितकी हुबेहूब तितकी श्रेष्ठ, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की नक्कल हे एका माणसाने दुसऱ्याविषयी केलेले विधान असते आणि आवाज ही त्या विधानाची भाषा असते. हे एकदा मान्य केले की नकलाकाराचे कौतुक कशासाठी करायचे, त्याला दोष केव्हा द्यायचा, त्याचे तोंड बंद करू पाहणाऱ्यांना काय सांगायचे आणि आवाजाची तंतोतंत प्रत काढणाऱ्या यंत्रासमोर त्याचे काय उरते, या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडू लागतात.

आधी हुबेहूबपणाचे पाहू. प्रत्येकाच्या आवाजाचा पोत घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीच्या लांबीवर आणि आकारावर ठरतो. ती पोकळी कोणाला फारशी बदलता येत नाही. स्वरयंत्र थोडे वर-खाली करता येते, जीभ पुढे-मागे नेता येते, आवाज नाकात सोडता येतो, ओठ आवळता येतात, इतकेच. 1971 मध्ये जर्मन संशोधकांनी नकलाकारांचे आवाज आणि ते ज्यांच्या नकला करत त्यांचे आवाज आलेखांवर शेजारी शेजारी ठेवून तपासले. नकलाकार मूळ आवाजाच्या दिशेने सरकलेले दिसले, पण तिथे पोहोचलेला कोणीच नव्हता. तरीही ऐकणाऱ्यांना ओळख पटते. याचा अर्थ, कान सगळ्या आवाजाची मोजदाद करत नाही, काही मोजक्या खुणा शोधतो. वाक्य कुठे तोडले, कोणत्या शब्दावर रेंगाळले, श्वास केव्हा घेतला, कोणते अक्षर गिळले, हे जुळले की बाकीचे ऐकणारा स्वतः भरून काढतो. नकलाकाराचे कसब या खुणा हेरण्यात आहे. शेकडो लकबींतून तो तीन-चार उचलतो, त्या किंचित वाढवतो आणि उरलेल्या सोडून देतो. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हीच मत बनवण्याची पहिली पायरी आहे. एकाच नेत्याच्या दोन नकलांपैकी एकीत त्याचा दरारा दिसतो आणि दुसरीत त्याची आत्मप्रौढी दिसते. आवाज दोन्हींत सारखाच लागलेला असतो, निवड वेगळी असते.

राजकुमारची नक्कल उदाहरणादाखल जवळून पाहण्यासारखी आहे, कारण हिंदी सिनेमातल्या नटांपैकी तो मिमिक्रीवाल्यांचा जणू पहिला धडाच होता. नवशिका कलावंत आधी भारदस्त आवाज लावायच्या मागे लागतो आणि तिथेच फसतो. मुरलेला कलावंत तोंड उघडण्याआधी हाताची बोटे गळ्याकडे नेतो, मान मागे घेतो आणि समोरच्याकडे वरून खाली पाहतो. मग एक लांब विराम. त्यानंतरचे ‘जानी’ साध्या आवाजात म्हटले तरी चालते, कारण प्रेक्षकांनी ते आधीच ऐकलेले असते. इथवर झाली ती ओळख. खरा आयटम यापुढे सुरू होतो, जेव्हा हाच राजकुमार रेशनच्या रांगेत उभा राहतो किंवा भाजीवालीशी घासाघीस करू लागतो. त्या ऐटीला रॉकेलच्या डब्यासमोर काहीच किंमत नाही, हे दिसते आणि हशा येतो. पडद्यावरच्या रुबाबाला रोजच्या जगण्यात किती जागा आहे, याविषयी तो कलावंत काहीतरी म्हणत असतो आणि प्रेक्षक हसून त्याला दुजोरा देत असतात. माइकचा वापरही याच कामी येतो. तो ओठांना टेकवला की आवाज घुमून भारदस्त होतो, हाताची ओंजळ करून झाकला की रेडिओवरचा किंवा टेलिफोनवरचा वाटतो, लांब धरला की माणूस जिन्याखालून हाक मारतोय असे भासते. ही हत्यारे कोणालाही शिकता येतात. ती कोणत्या म्हणण्यासाठी चालवायची, ते शिकायला माणसे वाचावी लागतात.

जॉनी लिव्हर यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. धारावीत वाढलेला हा तेलुगू घरातला मुलगा सातवीनंतर शाळेबाहेर पडला आणि नटांच्या नकला करत मुंबईच्या रस्त्यांवर पेने विकू लागला. पुढे वडिलांप्रमाणेच तो हिंदुस्थान लिव्हर कंपनीत कामगार म्हणून लागला. कामगारांच्या एका कार्यक्रमात त्याने कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि सहकाऱ्यांनी कंपनीचेच नाव त्याला चिकटवून टाकले. जॉन प्रकाशराव जनुमाला हा त्या दिवसापासून जॉनी लिव्हर झाला. समोर बसलेल्या कामगारांनी राजकुमारला पडद्यावर पाहिले होते. या साहेबांना मात्र ते रोज पाहत होते, त्यांच्या चालण्यावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखत होते. अशा जाणकारांसमोर खोटी नक्कल क्षणभरही टिकली नसती. खरी ठरली, याचे कारण साहेबाविषयी जे सगळ्यांच्या मनात होते पण तोंडावर येत नव्हते, ते तिने एका कामगाराच्या अंगाने बोलून दाखवले. नाव कामगारांनी दिले यालाही अर्थ आहे: आपले म्हणणे मांडणाऱ्याला त्यांनी आपला म्हणून शिक्का दिला. जॉनी लिव्हर यांनी 1981 मध्ये नोकरी सोडली, कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून देशविदेशांत दौरे केले, 1982 च्या ‘दर्द का रिश्ता’नंतर चित्रपटांत जम बसवला. त्यांच्या पुढच्या भूमिकांत कोणा एका नटाची नक्कल क्वचितच दिसते, पण चाळीतला, कारखान्यातला, नोकरचाकरांच्या खोलीतला माणूस सतत दिसतो. निरीक्षणाची ती सवय नकलांनीच अंगी बाणवली होती.

मूळ व्यक्ती प्रेक्षकांना ठाऊक असली तरच नक्कल रंगते, असा एक समज आहे. मराठी रंगभूमीने तो फार पूर्वीच खोटा ठरवला. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्यातल्या एका गावचे वऱ्हाड विमानाने लंडनला जाते. देशपांडे त्यात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करत: म्हातारे-कोतारे, बायाबापड्या, पोरेटोरे, परदेशी माणसे. या विक्रमाची नोंद गिनीज बुकातही झाली. त्यांतली एकही व्यक्ती प्रसिद्ध नव्हती. मूळ आवाज ऐकलेला नसताना मुंबई-पुण्याचा प्रेक्षक ‘अगदी अस्संच असतं’ म्हणून दाद देत होता. ती दाद साम्याला असणे शक्यच नाही. ती विधानाच्या खरेपणाला होती. त्याआधी 1960 च्या दशकात पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली, तेव्हाही हेच घडले होते. चाळ काल्पनिक होती, भाडेकरू काल्पनिक होते, पण बोलण्याच्या ढबी खऱ्या होत्या. एखाद्या माणसाची नक्कल आणि एखाद्या मानवी प्रकाराची नक्कल यांत पायाभूत फरक नाही. दोन्हीकडे कलावंत लकबी निवडतो आणि त्यांतून माणसाविषयीचे आपले मत आपल्यासमोर ठेवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजच्या स्टँडअपवाल्यांकडून. त्यांचे म्हणणे असे की विनोदकाराने स्वतःच्या आवाजात स्वतःचे जगणे सांगावे. दुसऱ्याच्या आवाजावर टाळ्या घेणे म्हणजे उसनवारी. 2005 मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने राजू श्रीवास्तव, सुनील पाल, नवीन प्रभाकर यांच्यासारख्या कलावंतांना घराघरांत पोहोचवले, तेव्हा मिमिक्री आणि स्टँडअप हातात हात घालून चालत होते. नंतरच्या पिढीने लेखनावर भर दिला आणि मिमिक्री जुनाट ठरली. या आक्षेपात तथ्य आहेच. तीच पाच नावे, तेच पाच संवाद असा साचा अनेकांनी वर्षानुवर्षे रेटला. एका माणसाच्या आवाजावर आयुष्य टांगून ठेवण्याचा धोका किती मोठा असतो, हे अमेरिकेच्या वॉन मीडरने अनुभवले. अध्यक्ष केनेडींच्या नकलांची त्याची ‘द फर्स्ट फॅमिली’ ही तबकडी 1962 मध्ये लाखोंनी खपली, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि 22 नोव्हेंबर 1963 रोजी केनेडींची हत्या झाली त्या दिवशी त्याची कारकीर्दही जवळपास संपली. पण यातून सिद्ध होते ते इतकेच की एका विधानावर जन्म काढता येत नाही. स्वतःच्या जगण्याविषयी बोलणारा स्टँडअप कलावंतसुद्धा आईचा फोन, घरमालकाची अट, साहेबाचे रजा नाकारणे सांगताना आवाज बदलतोच. तिथे लेखन थांबते आणि नक्कल काम करू लागते. चरित्रकार दुसऱ्याचे आयुष्य लिहितो म्हणून त्याला आपण उसनवारी करणारा म्हणत नाही. मग हा न्याय नकलाकाराला का लावू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नक्कल माणसाला लहान करते. मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण निळू फुले यांचे. गेली कित्येक वर्षे कोणत्याही हौशी मिमिक्रीत खर्जातला तो घोगरा आवाज, ते तिरके पाहणे आणि वाड्यावरचे ते बोलावणे हमखास असते. ते वाक्य कोणत्या चित्रपटातले, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला, सामाजिक चळवळींशी आयुष्यभर नाते राखलेला हा अत्यंत सुसंस्कृत माणूस. ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम, ‘सामना’तला हिंदुराव, ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू या भूमिकांचा आवाका एवढा मोठा, पण ज्यांनी त्यांतले काही पाहिले नाही अशा तरुणांपुढे उरला तो गावातला लंपट पाटील. हे नुकसान खरे आहे आणि त्याची जबाबदारी नकलाकारांनी घेतली पाहिजे. फक्त त्याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. यांतल्या बहुतेकांनी निळू फुले यांची नक्कल केलेलीच नाही. त्यांनी आधीच्या नकलेची नक्कल केली. पहिल्या कलावंताने चित्रपट पाहून काहीतरी हेरले होते, पुढच्यांनी त्या हेरलेल्याची प्रत काढली, आणि प्रत्येक प्रतीत मूळ माणूस थोडा थोडा पुसट होत गेला. तेव्हा ज्याची नक्कल करायची त्याच्याकडे थेट जाणे, त्याच्या नेहमीच्या लकबीपलीकडचे काही शोधणे, ही या कलेची साधना मानली पाहिजे. मूळ माणूस न अभ्यासता काढलेला आवाज म्हणजे ऐकीव माहितीवर केलेले विधान.

तिसरा आक्षेप नकलेच्या लक्ष्याविषयी आहे. बोलण्यातले अडखळणे, चालण्यातले व्यंग, विशिष्ट जातीची किंवा प्रांताची बोली यांवर हशा मिळवणे सोपे असते आणि तो हशा कोणाला तरी बोचतो. 1968 च्या ‘पडोसन’मध्ये मेहमूद यांनी रंगवलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक हिंदी प्रेक्षकांना आवडला, पण त्या साच्याने दक्षिणेतल्या सगळ्या भाषा एकाच हेलात कोंबल्या. मराठी माणसाला ही बोच नवी नाही; हिंदी पडद्यावरची मोलकरीण आणि हवालदार ज्या मराठी वळणाने बोलतात, ते ऐकून आपल्यालाही राग येतो. आणि आपण? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारे पात्र आले की ते गडी किंवा गबाळे असणार, ही खूणगाठ आपल्या रंगमंचाने आणि मालिकांनीही किती काळ बांधून ठेवली. म्हणून सगळ्या बोलींना नकलेतून वगळा, असे मात्र मी म्हणणार नाही. लक्ष्मण देशपांडे यांच्या मराठवाडी माणसांनी कोणाला दुखावले नाही, कारण त्यांतला प्रत्येक जण वेगळा होता. बोली सगळ्यांची होती, खोड ज्याची त्याची होती. नक्कल एका माणसाविषयी असली तर ती तपासता येते, खोडता येते. ती अख्ख्या समूहाविषयी झाली की पूर्वग्रह होते. शरीराच्या व्यंगाबाबत तर प्रश्नच नाही: ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही तिच्यातून त्याच्या स्वभावाविषयी काहीच सांगता येत नाही, म्हणून तिथे विधानच होत नाही, फक्त खिजवणे होते.

सत्तेची नक्कल करणाऱ्यांची वाट वेगळ्या कारणाने बिकट आहे. जानेवारी 2016 मध्ये विनोदी नट किकू शारदा याला डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम यांच्या नकलेवरून अटक झाली. नंतर जामीन मिळाला. धार्मिक भावना दुखावल्याचा आरोप होता. गाण्यावरून, नाचावरून असा प्रसंग क्वचित ओढवतो. नकलेवरून ओढवतो, याचे कारण ते विधान आहे हे सत्ताधाऱ्यांना आणि त्यांच्या भक्तांना आपल्यापेक्षा आधी कळलेले असते. लांबलचक टीकालेख वाचायला वेळ लागतो, अर्ध्या मिनिटाची नक्कल पोरासोरांच्या तोंडी बसते आणि मग मूळ माणूस बोलू लागला तरी तीच आठवते. महाराष्ट्रातल्या राजकीय सभांनीही हे हत्यार ओळखले आहे. राज ठाकरे यांच्या भाषणांत प्रतिस्पर्धी नेत्यांच्या नकलांची लोक वाट पाहत असतात आणि विरोधक त्याच कारणावरून त्यांची संभावना मिमिक्री करणारा अशी करतात. इथे एक आक्षेप रास्त आहे: नक्कल मुद्द्याची जागा घेऊ लागली तर ऐकणारा हसतो आणि प्रश्न तिथेच राहतो. राजकारण्याने नकलेनंतर मुद्दा मांडला पाहिजे, अशी अपेक्षा करणे योग्यच आहे. मात्र हा दोष वक्त्याच्या आळसाचा आहे. रंगमंचावरच्या कलावंताकडे धोरण मागायचे नसते. त्याने दरारा मापात आणला की त्याचे काम झाले.

आता यंत्राकडे येऊ. काही सेकंदांचा नमुना दिला की संगणक कोणाच्याही आवाजात हवे ते बोलून दाखवतो. मग गळा घासून आवाज लावणाऱ्याची गरज काय, असा प्रश्न अनेक कलावंतांच्याच मनात आहे. नकलेला साम्याची परीक्षा मानले तर खेळ संपला, असेच म्हणावे लागेल. पण यंत्र खुणा निवडत नाही, सगळेच उचलते. आणि जे सगळे उचलते त्याला त्या माणसाविषयी काहीच म्हणायचे नसते. राजकुमारच्या आवाजात ते रेशनची यादी वाचेल, त्याला रांगेत उभे करायचे मात्र कोणाला तरी सुचावे लागेल. न्यायालयांनाही हा भेद करावा लागतो आहे. दलेर मेहंदी यांच्या आवाजात गाणाऱ्या बाहुल्यांच्या प्रकरणात 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विक्री रोखली, पण व्यंगचित्रण, विडंबन आणि टवाळी यांना सरसकट उल्लंघन म्हणता येणार नाही, हेही नमूद केले. 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या आवाज-प्रतिमेला संरक्षण देताना त्याच न्यायालयाने उपहास आणि टीका यांचे स्वातंत्र्य मान्य केले. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम प्रत काढण्यास मनाई केली. यंत्र विरुद्ध माणूस अशी मात्र ही वाटणी नाही. 1988 मध्ये अमेरिकेत बेट मिडलर या गायिकेने फोर्ड कंपनीविरुद्धचे अपील जिंकले तेव्हा जाहिरातीत तिच्यासारखे गाणारी एक हाडामांसाची गायिकाच होती. चूक होती ती ऐकणाऱ्याला फसवण्यात. रंगमंचावरच्या नकलेत फसवणूक नसते. हा दुसराच माणूस आहे, हे दिसत असते, म्हणून तर मजा येते.

गायक सुदेश भोसले यांचे काम या सीमेवरचे आहे, म्हणून ते विचारात घेतलेच पाहिजे. 1991 च्या ‘हम’मधले त्यांनी गायलेले ‘जुम्मा चुम्मा’ अनेकांना अमिताभ बच्चन यांनीच गायल्यासारखे वाटले. संजीवकुमार यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झालेल्या ‘प्रोफेसर की पडोसन’साठी त्यांचा आवाजही भोसले यांनीच दिला. इथे साम्य हेच उद्दिष्ट होते, टिप्पणी नव्हती. माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे का? मला वाटते, हे वेगळे काम आहे: पार्श्वगायन आणि डबिंग. त्यात निर्मात्यांना सगळे ठाऊक असते आणि गायकाचे नाव तबकडीवर छापलेले असते. अपवाद वाटावा इतके ते कठीण आहे, आणि तिथेही अमिताभ यांनी कधी न घेतलेल्या ताना आणि स्वर त्यांच्या स्वभावात बसतील असे गावे लागतात. म्हणजे माणूस आधी समजून घ्यावाच लागतो.

हे सगळे पटत असेल तर या कलेशी आपण कसे वागतो, याचाही विचार व्हायला हवा. केरळने तो केला. फादर आबेल यांनी 1969 मध्ये कोचीत सुरू केलेल्या कलाभवन या संस्थेने 1981 मध्ये सहा तरुणांचा ‘मिमिक्स परेड’ हा स्वतंत्र कार्यक्रम रंगमंचावर आणला. गाण्यांच्या मधली जागा भरणारे लोक तिथे संध्याकाळभर कार्यक्रमाचे मालक झाले. त्यांना प्रसंग रचावे लागले, सूत्र बांधावे लागले, तालमी कराव्या लागल्या. त्या सहांपैकी सिद्दिक आणि लाल पुढे दिग्दर्शक झाले. त्यांच्या 1989 च्या ‘रामजीराव स्पीकिंग’वरून आपल्या सगळ्यांचा लाडका ‘हेराफेरी’ निघाला. जयराम, कलाभवन मणी यांच्यासारखे मोठे नटही याच वाटेने आले. महाराष्ट्रात बहुरूपी आणि रायरंद होते, तमाशातला सोंगाड्या होता, एकपात्रीची थोर परंपरा होती. परंपरेच्या बाबतीत आपण केरळच्या मागे नव्हतोच. आज ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारख्या कार्यक्रमांतून नकला करणाऱ्या गुणी कलावंतांना रोजगार आणि प्रसिद्धी मिळाली, हेही चांगलेच झाले. पण दर आठवड्याला नवा भाग देण्याच्या धबडग्यात एका माणसाचा महिनोन्‌महिने अभ्यास करायची सवड कोणाला मिळणार? नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत नकलेला पेपर हवा, जुन्या ऑर्केस्ट्रांमधल्या कलावंतांच्या घरी पडलेल्या कॅसेटी गोळा करून जपायला हव्यात, आणि समीक्षकांनी ‘आवाज छान काढला’ याच्यापुढे जाऊन ‘काय म्हटले’ हे विचारायला हवे. नकलाकाराला विधान करणारा माणूस मानले तर त्याच्यावर जबाबदारी येते: मूळ माणूस अभ्यासण्याची, दुबळ्यावर हात न टाकण्याची, ऐकीव लकबी न वापरण्याची. त्याच्या बदल्यात त्याला जे मिळायला हवे ते आजवर आपण दिलेले नाही: मत असलेल्या माणसाचा मान आणि ते मत मांडण्याचे संरक्षण. हे दोन्ही त्याला द्यायला आता उशीर करू नये.